प्रश्नचिन्हांचं पत्र

माझ्या कपाटात एक जुनी फाइल आहे. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी अशा फायली असतातच. वीजबिलं, विम्याच्या पावत्या, घरपट्टी, कुणाकुणाची पत्रं, सगळं तारीखवार लावलेलं. या फाइलमध्ये एप्रिल २००४ मधलं दीड पानी पत्र आहे. पत्र म्हणजे काय, तर ओळींमागून ओळी नुसती प्रश्नचिन्हं. पाच प्रश्नचिन्हं, मग थोडी मोकळी जागा, मग आणखी काही प्रश्नचिन्हं. मध्येच एखादा स्वल्पविराम, कुठे पूर्णविराम. अख्ख्या दीड पानात वाचता येण्यासारखे दोनच आकडे. पहिल्या परिच्छेदात १,७५,००० आणि त्याच्या खालच्या परिच्छेदात ५०. अगदी शेवटी, स्वतंत्र ओळीवर, चार प्रश्नचिन्हं. ती चार म्हणजे 'दादा' ही सही असणार, एवढं मला तेव्हाही कळलं होतं. बाकीचं कळायला वीस वर्षं लागली.

माझा मोठा भाऊ तरुणपणीच अमेरिकेला गेला आणि न्यू जर्सीत स्थायिक झाला. आधी निळी आंतरदेशीय नव्हे, हवाई पत्रं यायची, त्यातल्या शेवटच्या चार ओळी समासात आडव्या लिहिलेल्या. पुढे ई-मेल आली आणि दादा रोमन अक्षरांत मराठी लिहू लागला. ते वाचताना 'दात' दुखतोय की 'डाट' बसवलाय हे संदर्भावरून ठरवावं लागे. मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो. तोवर माझ्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या, मराठीचा अभिमान जरा उतू जात होता. "तिकडे जाऊन लिपी विसरलास का?" असंही मी त्याला एकदा लिहिलं. धाकट्या भावाला अशी मुभा असते, निदान माझा तसा समज होता.

त्या वर्षी आमच्या चिपळूणजवळच्या घराचा प्रश्न निघाला. वडिलांनी ते घर आम्हा दोघा भावांच्या नावे करून ठेवलं होतं. वडील गेले, वर्षभरापूर्वी आईला मी पुण्याला आणलं आणि घराला कुलूप लागलं. कोकणातलं कौलारू घर कुलूप लावून टिकत नाही. पडवीचे वासे वाळवीने खाल्ले, एका पावसाळ्यात माजघरात पाणी आलं. साडेतीन लाखांना घ्यायला एक गिऱ्हाईक तयार होतं. मी दादाला तसं कळवलं आणि त्याचं मत मागवलं. मुखत्यारपत्र त्याने आधीच मला देऊन ठेवलं होतं. म्हणजे कागदोपत्री त्याच्या मताची गरज नव्हती, घरोब्याची होती.

त्याचं उत्तर आलं ते आमच्या जवळच्या सायबर कॅफेत मी उघडलं. पडद्यावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत होते. नेहमीसारखी रोमन मराठी नव्हती, हे लक्षात आलं. कॅफेतला मुलगा म्हणाला, "काका, फॉन्ट नाहीये इथे. मी सेव्ह करून देतो, घरी दिसेल." त्याने मजकूर उचलला, दुसऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये ठेवला आणि साठवायला सांगितलं. तेव्हा पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली, चांगली दोन-तीन ओळींची. त्या मुलाने ती न वाचता 'ओके' दाबलं. मीही वाचली नाही. मग छापून घेतलं तर ही प्रश्नचिन्हं! मेलच्या पेटीत तेव्हा जेमतेम दोन-चार मेगाबाइटची जागा मिळायची. ती भरत आली होती, म्हणून मी मूळ मेल पुसूनही टाकली.

आता कुणीही विचारेल, भावाला सरळ कळवायचं की पत्र वाचता आलं नाही. मी ते केलं नाही. त्या वर्षी आमच्या शाखेच्या संगणकीकरणाचं काम माझ्याकडे होतं. दिवसभर इतरांना संगणक शिकवणाऱ्या अधिकाऱ्याला भावाची मेल उघडता येत नाही, हे दादाला कळवायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय मला वाटलं, त्यात कळायचं काय राहिलंय? साडेतीन लाखांचे निम्मे १,७५,०००. खाली ५०, म्हणजे पन्नास टक्के. दादाने आपला वाटा मागितलाय. दोन ओळींत सांगता आलं असतं त्याला दीड पान लागलं, एवढंच मला खटकलं. पैसे मागताना माणूस लांबण लावतो, अशीही एक समजूत मी करून घेतली. रिकाम्या जागा आपल्या मनाने भरायच्या, ही कादंबरी लिहिणाऱ्याची खोड. मी दीड पान भरून टाकलं.

मे महिन्यात, पावसाच्या आत, घर विकलं. १,७५,००० रुपये दादाच्या इथल्या अनिवासी खात्यात भरले आणि स्लिपची प्रत त्याला पाठवून दिली. पुढच्या रविवारी त्याचा आईला नेहमीचा फोन आला तेव्हा मला म्हणाला, "पैसे मिळाले. ठीक आहे." मग आईच्या गुडघ्यांवर बोलणं गेलं. त्यानंतर त्या घराचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. आई मात्र मृग जवळ आला की विचारायची, "यंदा घर शाकारलं का रे?" २००७ साली ती गेली. २०२१ साली दादा गेला.

२०२४ च्या उन्हाळ्यात पुतण्याचा फोन आला. दादाचा जुना संगणक तो मोडीत काढत होता. त्यात दादाच्या जुन्या मेलची एक भलीमोठी फाइल होती. "काका, बऱ्याच ठिकाणी नुसता कचरा आहे. पण वर तुमचं नाव दिसतंय. डिलीट करू का?" पुतण्या मराठी छान बोलतो, पण त्याला वाचता येत नाही. मी म्हटलं, "पुसू नकोस. आहे तसं पाठव." हे मी काही दूरदृष्टीने म्हटलं नाही. कुठलाही कागद फाडण्यापूर्वी दोनदा बघायची बँकेची सवय, इतकंच.

फाइल आली. एप्रिल २००४ शोधला. वर इंग्रजीत तारीख, दादाचा पत्ता, माझा पत्ता. आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक भिंत. एका ओळीत ७६ चिन्हं, मध्ये कुठे मोकळी जागा नाही, विरामचिन्ह नाही. मोठी-लहान अक्षरं, आकडे, मध्येच तिरकी रेघ. पुतण्याने कचरा म्हटलं यात त्याची चूक नव्हती.

आमची सून एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "बाबा, हा कचरा नाही. पार्सल आहे. वर लेबल लावलंय बघा." पत्त्याखालच्या दोन ओळी मी वगळल्या होत्या. एकीत लिहिलं होतं की आतला मजकूर 'यूटीएफ-८' या पद्धतीचा आहे. दुसरीत होतं की तो 'बेस ६४' या पद्धतीने बांधलाय. "आणि ही सुरुवात बघा," ती म्हणाली, "चार, के. पुन्हा चार, के. पुन्हा चार, के. देवनागरी आहे ही."

मी थक्क झालो. पुढचे दोन दिवस मी तिच्याकडून हे प्रकरण समजून घेतलं. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि सुनेला, सुदैवाने, सहनशक्ती. जे मला कळलं ते सांगतो.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून जगातल्या सगळ्या लिपींतल्या चिन्हांना 'युनिकोड'मध्ये एकेक क्रमांक दिलेला आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. आपल्या 'प'चा क्रमांक २३४६. पण संगणकाचा एक कप्पा, ज्याला बाइट म्हणतात, त्यात शून्य ते २५५ एवढेच आकडे मावतात. मग २३४६ ठेवायचे कुठे? यावर १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी तोड काढली, तीच यूटीएफ-८. पाइक यांनीच लिहून ठेवलंय की न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत, ताटाखालच्या कागदावर एका रात्री तिचा आराखडा झाला. दादाच्याच न्यू जर्सीत! या पद्धतीत आपल्या नेहमीच्या देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन कप्पे घेतं. 'प' म्हणजे २२४, १६४, १७०.

पुढची अडचण टपालाची. ई-मेलची व्यवस्था मुळात इंग्रजीपुरती बांधलेली. तिच्या वाटेवर १२८ चिन्हांच्या पलीकडचं काही आलं तर ते सुखरूप पोचेल याची खात्री नव्हती. १९९२ सालीच नथानिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाची पद्धत मांडली. तिच्यात मेलवर लेबल लावायची आणि आतला माल बांधायची सोय होती. बेस ६४ ही त्यातली एक बांधणी. तीन कप्प्यांतला माल सोडवायचा आणि चार लहान कप्प्यांत भरायचा. लहान कप्प्यात चौसष्टच प्रकार मावतात. त्यांना नावं दिली इंग्रजी मोठी अक्षरं २६, लहान अक्षरं २६, आकडे १०, अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ. झाले ६४. ही चिन्हं कुठल्याही वाटेने बिनधोक जातात. माल मात्र एक तृतीयांशाने फुगतो. गाठोडं बांधलं की आकार वाढणारच.

आता आपलं चिन्ह तीन कप्प्यांचं आणि बांधणी तीनाची चार, म्हणजे एका देवनागरी चिन्हाची चार रोमन चिन्हं. 'प'ची होतात ४, मोठा के, मोठा एस, लहान क्यू. 'प्रिय' लिहिलं तर प, पाय मोडायची खूण, र, वेलांटी आणि य, अशी पाच चिन्हं. पाचही 'चार, के'ने सुरू होतात. शब्द संपून मोकळी जागा आली की सगळी जुळणी एका घराने सरकते आणि हा नमुना वेगळ्या वेशात जातो, दोन शब्दांनी पुन्हा मूळ रूपात येतो. सुनेचा डोळा त्यावर बसलेला होता. आम्ही जसे नोटांची गड्डी फरकन सोडली की कुठली नोट वेगळी ते ओळखायचो, तसंच हे.

उलगडायला तिने एक साधन उघडलं, त्याचं नाव 'सायबरशेफ'. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेने ते २०१६ साली सर्वांसाठी खुलं केलं. महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे संदेश उलगडणारी जी संस्था, तिचीच ही वारस. साधन मात्र स्वयंपाकघरासारखं मांडलंय. डावीकडे जिन्नस, म्हणजे वेगवेगळ्या क्रिया. मध्ये पाककृती, म्हणजे त्या कुठल्या क्रमाने करायच्या. उजवीकडे वर कच्चा माल टाकायचा, खाली तयार पदार्थ मिळतो. तिने बेस ६४ सोडवण्याची क्रिया ओढून मध्ये ठेवली. "तुम्ही टाका बाबा, पत्र तुमचं आहे," असं म्हणून ती खुर्चीवरून उठली.

मी ती भिंत उचलून वरच्या चौकोनात ठेवली. खालच्या चौकोनात पहिला शब्द उमटला, 'प्रिय'. पुढे माझं घरातलं नाव.

दादाने लिहिलं होतं: "घर विकू नकोस. गिऱ्हाईक साडेतीन लाख देतंय, म्हणजे तुझ्या वाट्याचे १,७५,००० होतात. ते मी तुला पाठवतो. घर राहू दे. वासे, कौलं मी दिवाळीत येऊन करून घेईन." पुढच्या परिच्छेदात होतं: "आईला त्या घरात यंदा ५० वर्षं होतील. तिला एकदा विचार." मग शेजारपाजारच्या चौकश्या, विहिरीवरच्या रहाटाबद्दल काहीतरी, आणि शेवटी: "हे सगळं मी स्वतः देवनागरीत टाइप केलंय. एवढ्याला दोन रात्री लागल्या. आता तरी हसू नकोस." खाली सही, दादा.

मी कपाटातला कागद काढला आणि पडद्याशेजारी धरला. 'प्रिय'ची पाच प्रश्नचिन्हं, 'आईला'ची चार, 'दादा'ची चार. शब्दाला शब्द जुळत गेला. १,७५,००० दोन्हीकडे त्याच जागी होता. आकडे त्याने इंग्रजी लिहिले होते म्हणून ते वाचले होते. बँकेत पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवतात की नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही, तो जमेचा की नावेचा हे आधी बघा. मी छत्तीस वर्षं ते बघितलं. आणि घरच्या एका नोंदीत 'पाठवतो' हे क्रियापद प्रश्नचिन्हांत गेलं, तर मी ते 'पाठव' असं धरून चाललो. आईला मी विचारलं नव्हतं. तिची सही लागत नव्हती.

पुतण्याला मी पत्र वाचून दाखवलं. तो काही वेळाने म्हणाला, "त्या खात्यातल्या पैशांना बाबांनी कधी हात लावला नाही. आम्हाला कारण माहीत नव्हतं."

या साऱ्यात दोष कुणाचा, यावर मी बराच विचार केला. यंत्राचा म्हणावा, तर यंत्राने सूचना दिली होती. सून म्हणाली, तेव्हाची ती सूचना बहुधा अशी असणार की या पद्धतीने साठवलं तर काही अक्षरं कायमची जातील. पडद्यावर चौकोन दिसत होते तोवर पत्र शाबूत होतं. अक्षरं होती, फक्त त्यांचे खिळे त्या संगणकात नव्हते. छापखान्यात टाइप नसावा तसं. साठवताना मात्र त्या प्रोग्रॅमला जे अक्षर कळलं नाही, त्याच्या जागी त्याने प्रश्नचिन्ह ठेवलं आणि मूळ अक्षर टाकून दिलं. प्रश्नचिन्हांमागे काही दडलेलं नसतं. सायबरशेफ काय, ब्लेचली पार्कचे सगळे पंडित आणून बसवले तरी त्या कागदातून 'पाठवतो' निघालं नसतं.

तिसराही एक प्रकार आहे, तो माझ्यासारख्या लेखकांच्या नशिबी आला. नव्वदच्या दशकात आम्ही ज्या फॉन्टमध्ये मराठी टाइप केलं, त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच घरात मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची बैठक वेगळी. फॉन्ट गेला की कादंबरी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पण त्यातही काही हरवलेलं नसतं. कुठल्या घरात कोण बसलंय त्याचा तक्ता मिळाला की परिवर्तक प्रोग्रॅम ती युनिकोडमध्ये आणतात. माझी तिसरी कादंबरी मी तशीच परत मिळवली. जोडाक्षरं तेवढी हाताने दुरुस्त करावी लागली.

नोकरीच्या सुरुवातीला मी सांकेतिक मजकूर रोज हाताळत होतो. ऐंशीच्या दशकात एका गावाहून दुसऱ्या गावी पैसे तारेने पाठवायचे, त्याला आम्ही टी.टी. म्हणायचो. तारेत रकमेबरोबर एक गुप्त आकडा असे. तारीख, रक्कम, शाखा यांवरून तो काढायचा. त्याचं पुस्तक तिजोरीत. आकडा जुळला नाही तर पैसे द्यायचे नाहीत आणि तर्कही लढवायचा नाही. समोरच्या शाखेला उलट विचारायचं, हा नियम. त्या संकेताचं काम दाराला कुलूप लावायचं होतं. बेस ६४ ला किल्लीच नाही, ते कुणीही सोडवू शकतं. म्हणून कुणी आपला पासवर्ड अशा अक्षरांत बदलून लिहून ठेवला असेल तर त्याने तो उघड्यावर ठेवला आहे असं समजावं. आणखी एक. अशी अक्षरं सोडवून देणारी पुष्कळ ठिकाणं इंटरनेटवर मिळतात. आपण तिथे टाकलेला मजकूर परक्याच्या संगणकावर जाऊ शकतो. सायबरशेफ आपल्याच संगणकात काम करतं, उतरवून घेतलं तर इंटरनेट बंद करूनही चालतं. घरची पत्रं, बँकेचे कागद यांच्या बाबतीत एवढं पाहावं.

ज्यांच्या घरी जुन्या सीड्या, पेन ड्राइव्ह, बंद पडलेले संगणक आहेत त्यांना माझं सांगणं इतकंच, की न कळणाऱ्या फायली पुसू नका आणि 'दुरुस्त' करूनही साठवू नका. आहे तशी एक प्रत बाजूला ठेवा आणि प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. बँकेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक ऑफिस कॉपी मागे राहायची. पोचलेलं पत्र गहाळ झालं तर तिच्यावरून निभायचं. दादाच्या संगणकाने त्याच्या पत्राची ऑफिस कॉपी वीस वर्षं जपली होती. माझ्याकडे पोचलेलं पत्र मीच गहाळ केलं होतं.

चिपळूणजवळचं घर आता नाही. नव्या मालकाने ते पाडून दुमजली बांधलं, हे मी रस्त्यावरून पाहिलं आहे. आत गेलो नाही. उलगडलेलं पत्र छापून घेतलं आणि प्रश्नचिन्हांच्या कागदाला टाचून फाइलमध्ये लावलं, एप्रिल २००४ च्या जागी.

पुतण्या आता मराठी वाचायला शिकतोय. दर पंधरा दिवसांनी मी त्याला देवनागरीत चार ओळींची मेल पाठवतो. पाठवली की लगेच फोन करतो आणि आधी हेच विचारतो, "अक्षरं नीट दिसतायत ना रे?"